दोन तऱ्हांचा उशीर: ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ कसा पूर्ण झाला

शूटिंग लांबलं की प्रॉडक्शनच्या माणसाला एकच प्रश्न येतो: किती दिवस? कशामुळे लांबलं, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. पाऊस कोसळला म्हणून बुडालेला दिवस आणि दिग्दर्शकाला सीन पटेना म्हणून गेलेला दिवस, दोन्ही रोजच्या रिपोर्टात सारखेच दिसतात. जेवणाची पानं तेवढीच, लाइटचं भाडं तेवढंच. मी या धंद्यात हिशेबाच्या बाजूला बसतो, त्यामुळे हे प्रकरण मला पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं. १९७९ साली एका चित्रपटाचं शेड्यूल कोलमडलं, बजेट जवळजवळ दुप्पट झालं, पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. आणि ज्या गोष्टींमुळे हे झालं, त्यातल्या निम्म्या गोष्टींसाठीच लोक आजही तो चित्रपट बघतात.

प्रकरणातल्या मुख्य माणसांची नावं झाकण्यात अर्थ नाही, ती सगळ्या जगाला ठाऊक आहेत. बँकांची नावं मात्र गाळली आहेत. त्यांच्या जागी दुसरी कुठली बँक असती तरी ती तशीच वागली असती.

पार्श्वभूमी

मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. खर्च साधारण १ कोटी १० लाख डॉलर. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओला त्याच्याकडून फार आशा नव्हती, म्हणूनच करार करताना पुढच्या भागांचे आणि खेळण्या-कपड्यांचे हक्क त्यांनी दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्याकडे फारशी खळखळ न करता राहू दिले. तेव्हा त्या हक्कांना किंमत नव्हती. वर्षभरात ती इतकी झाली की लुकास पुढचा चित्रपट कोणाच्याही दारात न जाता काढू शकणार होते.

लुकास यांना हेच हवं होतं. त्यांच्या आधीच्या चित्रपटांना स्टुडिओवाल्यांनी कात्री लावली होती आणि तो राग त्यांच्या मनातून गेला नव्हता. पुढचा भाग, म्हणजेच ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’, स्वतःच्या पैशानं काढायचा, वितरण तेवढं फॉक्सकडे द्यायचं, आणि नफ्यातून कॅलिफोर्नियात स्वतःचं मोठं काम करायचं ठिकाण उभारायचं, असा बेत होता. म्हणजे एका चित्रपटाच्या खांद्यावर दुसरा चित्रपट, आणि त्याच्या खांद्यावर जमीन-इमारत. दहीहंडीचे थर. खालचा हलला की वरचे सगळे आलेच.

दुसऱ्या बाजूला, पहिल्या भागानं लुकास यांची तब्येत पिळून काढली होती. सेटवर उभं राहून दिग्दर्शन करायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी आपले जुने शिक्षक अर्विन कर्शनर यांना विचारलं. कर्शनर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायचे, वयानं लुकासपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, आणि माणसांच्या चेहऱ्यांवर रेंगाळणारे दिग्दर्शक म्हणून ओळखले जायचे. अंतराळयानांशी त्यांचा काही संबंध नव्हता. आधी त्यांनी नाहीच म्हटलं होतं.

पटकथेची कहाणी थोडी वेगळी आहे. पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी लिहिला. विज्ञानकथा आणि हॉलिवूडच्या पटकथा या दोन्हींत हात बसलेल्या या बाईंनी फेब्रुवारी १९७८ मध्ये मसुदा दिला आणि मार्चमध्ये कर्करोगानं त्या गेल्या. त्यांच्या मसुद्यात नायकाचे वडील आत्म्याच्या रूपात येतात, आणि खलनायक डार्थ व्हेडर हा वेगळाच माणूस असतो. त्यानंतर लुकास यांनी स्वतः लेखणी घेतली, आणि त्या फेरीत व्हेडर हाच नायक ल्यूकचा बाप झाला. मालिकेतली सगळ्यात गाजलेली कलाटणी पहिल्या लेखिकेच्या कागदावर नव्हतीच. मग लॉरेन्स कॅसडन या तरुण लेखकानं संवाद आणि पात्रं घासूनपुसून घेतली. श्रेयनामावलीत पटकथा ब्रॅकेट आणि कॅसडन या दोघांच्या नावावर आहे. मला हे नेहमी सभ्य वाटलं आहे.

अडचण

वरवर पाहता अडचण पैशाची होती. मुळात ती गोष्टीच्या जागेची होती.

आपल्याकडच्या तीन अंकी नाटकांत दुसऱ्या अंकाचा पडदा पडतो तेव्हा सगळं बिनसलेलं असतं. प्रेक्षक चहाला बाहेर पडतो तो काळजी घेऊनच. नाटकवाल्याला ते परवडतं, कारण पंधरा मिनिटांनी तो त्याच प्रेक्षकाला परत आत घेणार असतो. इथे मध्यंतर तीन वर्षांचं होतं. दुसऱ्या भागात नायक हरतो, हात गमावतो, शत्रू आपलाच बाप निघतो, दुसरा नायक गोठवून पळवला जातो, आणि पडदा पडतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला अर्ध्यावर उठवून म्हणायचं: बाकीचं १९८३ मध्ये.

ही गोष्ट कुठल्याही स्टुडिओच्या बैठकीत टिकली असती असं मला वाटत नाही. स्वतःच्या पैशाचा खरा उपयोग इथे झाला. पण अशा गोष्टीत मारामारी आणि यानं पुरत नाहीत, दुःख पडद्यावर दिसावं लागतं. दुःख दिसायला नटांना वेळ द्यावा लागतो. आणि वेळ म्हणजे पुन्हा पैसाच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय स्वस्तातला होता, आणि तो आधीच कपाटात तयार होता. पहिला चित्रपट जेमतेम चालला असता तर काय, या विचारानं लेखक ॲलन डीन फॉस्टर यांच्याकडून कमी खर्चात निघेल अशी पुढची कथा लिहून घेतली होती. गोष्ट धुक्यानं भरलेल्या ग्रहावर घडते, म्हणजे मागचे सेट फार बांधायला नकोत. दुसरा नायक हॅन सोलो नाहीच, कारण ते काम करणारे हॅरिसन फोर्ड यांचा पुढच्या भागाचा करार झालेला नव्हता. जुने कपडे, जुनी यानं पुन्हा वापरायची. ती कथा १९७८ मध्ये कादंबरी म्हणून निघाली आणि चित्रपट म्हणून बाजूला पडली. हिशेबी माणूस म्हणून सांगतो, हा आराखडा मूर्खपणाचा नव्हता. १९७६ मध्ये बसून कोणीही शहाण्या माणसानं तोच केला असता.

दुसरा पर्याय फॉक्सच्या पैशाचा. जोखीम त्यांची, नफ्याचा मोठा वाटा त्यांचा, आणि शेवट कसा असावा यावर मतही त्यांचंच.

तिसरा स्वतःच्या पैशाचा. पहिल्या भागाचा नफा तारण ठेवून बँकेचं कर्ज काढायचं. बुडालं तर नफाही गेला आणि जमिनीचं स्वप्नही.

लुकास यांनी तिसरा धरला. कागदावर खर्चाचा अंदाज १ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास होता. हे आकडे वाचताना मी नेहमी राखीव रकमेची ओळ शोधतो. पुढे जे घडलं त्यावरून ती पुरेशी नव्हती एवढं नक्की.

पहिली तऱ्हा: कोणाच्या हातात नसलेला उशीर

जानेवारी १९७९. लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत स्टेज क्रमांक ३ ला आग लागली. तिथे स्टॅन्ली कुब्रिक यांच्या चित्रपटाचा सेट होता. आग त्यांची, पण जागेची टंचाई सगळ्यांची. जे स्टेज या युनिटला मिळायचं ते गेलं, आणि एक सेट काढल्याशिवाय दुसरा लागेना. ज्यांनी कधी एकाच फ्लोअरवर दोन सेट फिरवले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. सुतार रात्रभर जागतात आणि तरी सकाळी रंग ओलाच असतो.

५ मार्चला नॉर्वेत फिन्से इथे शूटिंग सुरू झालं. फिन्से हे ओस्लो ते बर्गन रेल्वेवरचं १,२२२ मीटर उंचीवरचं ठाणं. गाडीरस्ता नाहीच, जायचं ते रेल्वेनं. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेआधी शॅकल्टन यांनी १९१४ मध्ये तिथे येऊन सराव केला होता, यावरून हवामानाचा अंदाज यावा. युनिट पोहोचलं आणि बर्फाचं वादळ आलं. पारा शून्याखाली तीस अंशांकडे गेला, लोहमार्गावर दरडींसारखा बर्फ कोसळला, हिमनदीवरच्या ठरलेल्या जागी जाणं अशक्य झालं.

इथे एक निर्णय झाला तो शिकवण्यासारखा आहे. ल्यूक बर्फात धडपडत चालतो ती दृश्यं घ्यायची होती. युनिटनं कॅमेरा हॉटेलातच ठेवला, दार उघडलं, आणि ल्यूक झालेले मार्क हॅमिल यांना दारापुढच्या वादळात पाठवलं. पडद्यावर ओसाड ग्रह दिसतो. कॅमेऱ्याच्या मागे, दोन पावलांवर, उबदार हॉटेल आहे. वादळात पॅकअप करायचं की वादळच वापरायचं, हा प्रश्न त्यांनी त्या उघड्या दारात उभं राहून सोडवला.

दुसरा निर्णय त्याला लागूनच. हॅन सोलो बर्फात ल्यूकला शोधून काढतो हा प्रसंग लंडनच्या स्टुडिओत घ्यायचा होता. त्यामुळे फोर्ड नॉर्वेच्या यादीतच नव्हते. पण मोकळ्यावर लांबचं काही घेता येत नाही, मग जवळचं घेऊ, म्हणून त्यांना तातडीनं बोलावलं. रेल्वे बंद. शेवटचा टप्पा त्यांनी रुळावरचा बर्फ उपसणाऱ्या इंजिनात बसून पार केला. कॉल शीट, म्हणजे कोणाला कधी यायचं याचा रोजचा तक्ता, रात्रीतून बदलून बुडता दिवस वाचवणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. बंडखोर सैनिक म्हणून मागे पळणारे बरेच जण तिथलेच बचाव पथकातले स्कीवाले होते. तेही शहाणपणाचंच.

जूनमध्ये मात्र जे झालं त्याला काही उपाय नव्हता. पहिल्या भागाचे कला दिग्दर्शक जॉन बॅरी या वेळी दुसऱ्या युनिटचं, म्हणजे मुख्य युनिटच्या जोडीनं वेगळी दृश्यं घेणाऱ्या तुकडीचं, दिग्दर्शन करत होते. ते सेटवर कोसळले आणि काही तासांतच मेंदुज्वरानं गेले. युनिट हादरलं. दुसरं युनिट कोण चालवणार, याची जुळवाजुळव त्याच दुःखात करावी लागली.

आग, वादळ, मृत्यू. यातल्या कशाचाही दोष कोणाला देता येत नाही. विम्याचा माणूस या ओळींवर मान डोलावतो.

दुसरी तऱ्हा: मुद्दाम घेतलेला वेळ

आता कर्शनर.

पात्र कुठून आलं, या क्षणी त्याला काय हवं आहे, हे ठरल्याशिवाय ते कॅमेरा फिरवत नसत. नटांशी बोलत, संवाद बदलत, पुन्हा घेत. निर्माते गॅरी कुर्ट्झ त्यांना घाई करत नव्हते. लुकास बहुतेक काळ कॅलिफोर्नियात, त्यांच्या स्पेशल इफेक्टवाल्या कंपनीत. आकडे मात्र तिथे पोहोचत होते.

एक प्रसंग जवळून बघू. हॅन सोलोला गोठवण्याची खोली. उंच, गोल चौथरा, कठडे नाहीत, खालून वाफ, वर दिव्यांची उष्णता. नट, तंत्रज्ञ, मुखवट्यातली माणसं, सगळे घामाघूम. नायिका लिया शेवटच्या क्षणी प्रेमाची कबुली देते आणि हॅननं काहीतरी म्हणायचं असतं. पटकथेतलं उत्तर कर्शनर आणि फोर्ड दोघांनाही पचत नव्हतं. फार गोड, फार अपेक्षित. त्या दिवशी प्रसिद्धी विभागातल्या माणसानं कर्शनर यांच्या अंगावर माइक लावून ठेवला होता, त्यामुळे ही सगळी घासाघीस नोंदलेली आहे. फोर्ड वेगवेगळी उत्तरं सुचवतात, कर्शनर तोलून बघतात, आणि लिया झालेल्या कॅरी फिशर वैतागतात, कारण त्यांच्या सीनमधला संवाद त्यांना न विचारता बदलला जातो आहे. त्यांचा वैताग रास्त होता. शेवटी उत्तर उरलं दोन शब्दांचं: मला माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

लुकास यांना ते रुचलं नव्हतं. अशा गंभीर जागी लोक हसतील ही त्यांची भीती. चाचणीच्या खेळाला लोक हसलेही. पण ते हसू प्रसंग मोडत नव्हतं, हे दिसलं आणि संवाद राहिला.

हिशेबाच्या वहीत ही दुपार कशी लिहायची? रिपोर्टात फक्त ‘विलंब’ असंच येतं. फिन्सेच्या वादळाच्या बरोबर खाली, त्याच रकान्यात.

दुसरी जागा योडाची. दोन फुटी म्हातारा गुरू, आणि सगळा मधला भाग त्याच्यावर तोललेला. तो खोटा वाटला असता तर चित्रपट तिथेच संपला असता. सुरुवातीला एका माकडाला मुखवटा घालून बघण्याचा प्रयोग झाला. माकडानं मुखवटा ओढून काढला, आणि प्रयोग मिटला. मग लुकास यांनी बाहुल्यांच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले जिम हेन्सन यांना विचारलं, हेन्सननी आपले सहकारी फ्रँक ऑझ यांचं नाव पुढे केलं. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबोर्न यांनी चेहरा घडवला. त्यात आपला स्वतःचा चेहरा थोडा, आईनस्टाईनचे डोळे थोडे.

दलदलीचा सेट जमिनीपासून साधारण पाच फूट उचलून बांधावा लागला, कारण बाहुली चालवणारी माणसं खाली उभी राहणार. ऑझ यांचा हात वर बाहुलीत, डोळे खाली मॉनिटरवर, आणि कान, डोळे हलवायला आणखी तीन जण. हॅमिल वर एकटे. योडाचा आवाज त्यांना कानातल्या यंत्रातून यायचा. आठवडेच्या आठवडे कॉल शीटवर माणूस म्हणून आपण एकटेच होतो, बाकी सगळी बाहुल्या आणि प्राणी, असं त्यांनी नंतर गमतीनं सांगितलं आहे. वाचायला गंमत वाटते. बाहुली अडली की अख्खं युनिट हात बांधून उभं, हे त्यात दिसत नाही. आमच्याकडे सेटवर लहान मूल किंवा जनावर असलं की आम्ही दिवस दीडपट धरतो. बाहुलीचा दिवस कितीपट धरायचा याचं कोष्टक तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

कलाटणी गुप्त ठेवणं, हा या तऱ्हेतला सगळ्यात स्वस्त निर्णय. व्हेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राउझ होते, आवाज नंतर जेम्स अर्ल जोन्स यांचा बसणार होता. मग प्राउझना खोटा संवाद दिला: तुझ्या वडिलांना ओबी-वाननं (ल्यूकच्या पहिल्या गुरूनं) मारलं. खरा संवाद शूटिंगच्या जरा आधी हॅमिलना सांगितला, कारण चेहरा त्यांचा दिसणार होता. युनिटमधल्या बाकीच्यांना खोटाच ऐकू आला. खर्च शून्य. प्राउझ यांना नंतर काय वाटलं असेल, हा प्रश्न मात्र मी प्रत्येक वेळी बाजूला ठेवतो आणि प्रत्येक वेळी तो परत येतो.

पैशाचा कडेलोट

शूटिंग सप्टेंबरपर्यंत लांबलं. खर्च ३ कोटी डॉलरच्या पुढे निघाला. मध्येच एका टप्प्यावर बँकेनं पुढचे पैसे द्यायला नकार दिला.

तेव्हा लुकास यांच्यासमोर तीन वाटा होत्या. शूटिंग आवरतं घ्यायचं, म्हणजे नेमकी दुसऱ्या तऱ्हेची कामं कापायची, कारण पहिल्या तऱ्हेचं कापता येतच नाही. दुसरी बँक शोधायची. किंवा ज्या स्टुडिओपासून सुटायचं होतं त्याच्याच दारात जायचं. त्यांनी दुसरी बँक शोधली, पण कर्जाला हमी लागत होती आणि ती अखेर फॉक्सनं दिली. फुकट नाही. वितरणाच्या अटी फॉक्सनं आपल्या बाजूला वळवून घेतल्या. हक्क लुकासकडेच राहिले, चित्रपट त्यांचाच राहिला, पण ज्या हातांतून सुटण्यासाठी हा सगळा घाट घातला होता, त्याच हातांना थोडा वाटा द्यावा लागला.

याच तणावात संकलनाच्या टेबलावरही ठिणगी पडली. लुकास यांनी चित्रपटाचा बराच भाग स्वतः पुन्हा कापला, वेगवान केला. कर्शनर, कुर्ट्झ आणि संकलक पॉल हर्श यांना तो पसंत पडला नाही. लुकास संतापले. पैसा त्यांचा होता आणि तो बुडत होता. मग राग ओसरल्यावर कर्शनर यांच्या सूचना त्यांनी लावून बघितल्या आणि त्या ठेवल्या. मला या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. ज्याची सही चेकवर, त्यानं दुसऱ्याचं खरं मानलं.

निकाल

२१ मे १९८० रोजी चित्रपट मोजक्या चित्रपटगृहांत लागला, ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर. तेव्हा लुकास यांना शेवटाबद्दल खटकलं: कोण कुठल्या यानात आहे, कोण कुठे निघालं आहे, हे प्रेक्षकाला नीट कळत नाही. सगळीकडे जाणाऱ्या ३५ मिलिमीटरच्या प्रिंटला अजून काही आठवडे होते. तेवढ्यात इफेक्टवाल्यांकडून तीन छोटी दृश्यं नव्यानं करून घेतली, ताफा बाहेरून, मग यानाच्या जवळ, मग खिडकी, आणि ती शेवटात घातली. म्हणजे काही आठवडे एकाच चित्रपटाचे दोन शेवट चालू होते. दुःख तेच. फक्त दुःखी माणसं कुठे उभी आहेत ते दुसऱ्यात कळत होतं.

समीक्षकांत एकमत नव्हतं. गोष्टीला शेपूट नाही, अशी तक्रार काही नामवंतांनी केली. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. अमेरिकेत पहिल्याच फेरीत २० कोटी डॉलरच्या वर जमा झाले आणि घातलेला पैसा काही महिन्यांतच परत आला. ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं, दृश्य परिणामांसाठी विशेष पुरस्कार. २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो जतनाच्या यादीत घेतला.

एक उपप्रकरण इथेच नोंदवतो. दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला न देता शेवटी दिलं, म्हणून अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं दंड केला. नाव मागे टाकायला कर्शनर यांची काही हरकत नव्हती. लुकास यांनी दंड भरला आणि संघटना सोडली. त्यामुळे तिसऱ्या भागासाठी संघटनेबाहेरचा दिग्दर्शक शोधावा लागला, आणि वेल्सचे रिचर्ड मार्क्वँड आले. एका नामावलीच्या क्रमानं पुढच्या चित्रपटाचा दिग्दर्शक ठरवला, असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

राखीव रक्कम वाढवा, असं कोणीही म्हणेल. बरोबर आहे, पण त्यानं मूळ गोंधळ मिटत नाही.

मी असतो तर पहिल्या दिवसापासून विलंबाचे दोन रकाने केले असते. एकात आग, वादळ, आजारपण. दुसऱ्यात दिग्दर्शकानं जाणून घेतलेला वेळ, कुठल्या सीनसाठी आणि कशाकरता, या नोंदीसकट. बँकेला एकच बेरीज दिसली, आणि बेरीज बघून कोणीही घाबरेल. दुसरा रकाना वेगळा असता तर निदान लुकास यांना दूर कॅलिफोर्नियात बसून कळलं असतं की आपले पैसे कशावर चालले आहेत. बाहुलीवर गेलेला आठवडा आणि नुसत्या ढिसाळपणात गेलेला आठवडा यांत फरक करता आला असता. ढिसाळपणाही झाला असणारच. इतक्या मोठ्या युनिटमध्ये तो होतोच, आणि चित्रपट चांगला निघाला की तो सगळा ‘कलेसाठी’ या नावाखाली खपून जातो.

कुर्ट्झ यांच्याबद्दल मी कठोर आहे. दिग्दर्शकाला सांभाळणं हे निर्मात्याचं अर्धं काम झालं. कर्शनर यांना वेळ देणं योग्य होतं, पण तो वेळ दुसरीकडून काढून देणं, आणि कमी पडतो आहे हे पैसेवाल्याला आधीच सांगणं, हे त्यांचंच होतं. बातमी उशिरा गेली की ती बातमी राहत नाही, धक्का होतो. तिसऱ्या भागाला निर्माता वेगळा होता.

आणि लुकास? लांब राहून नियंत्रण ठेवायचं त्यांनी ठरवलं, ते जमलं नाही. माझ्या मते त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, कर्शनर यांना पूर्ण मोकळीक द्यायची आणि दुप्पट बजेट आधीच धरायचं. दोन, रोज सेटवर राहायचं आणि प्रत्येक दुपारची किंमत स्वतः मोजायची. पहिल्या वाटेनं हा चित्रपट निघाला असता, कदाचित कमी भांडणं होऊन. दुसऱ्या वाटेनं त्या गोठवण्याच्या खोलीतली घासाघीस झाली असती का, याची मला शंका आहे.

तिसऱ्या भागाच्या वेळी त्यांनी दुसरी वाट धरली. शूटिंग जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालं आणि त्या उन्हाळ्यापर्यंत आटोपलं. मार्क्वँड कॅमेऱ्याशेजारी असत, आणि लुकास बहुतेक दिवस त्यांच्या मागे दोन पावलांवर उभे असत.